तांदळाएवढी किल्ली

"कापा," शेवाळे बाई म्हणाल्या. "अंगठी हं. बोट राहू द्या."

मी बारीक करवत हातात धरून नुसताच बसलो होतो. बाईंचं बोट सुजून अंगठीच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं. साबण झाला, दोरा झाला, तेल झालं, पण अंगठी तसूभर हलेना. सोनाराच्या जन्माला आलं की अशा अंगठ्या कापाव्या लागतातच, त्याचं काही नाही. पण ही माझ्या वडलांनी घडवलेली होती. बाई फलटणला मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागल्या, तेव्हा पहिल्या पगारातून त्यांनी ती करून घेतली. पुढं लग्न केलं नाही, दुसरा दागिनाही केला नाही. चव्वेचाळीस वर्षं बोटात तेवढी एकच.

"बाई, दुखंल."

"दुखायचं ते रोजच दुखतंय. तुम्ही त्यात फार भर घालाल असं वाटत नाही."

मी अंगठीखाली पातळ पत्रा सरकवला आणि कापली. बोटावर पडलेला पांढरा वळ बाईंनी पाहिला आणि मग सहज विचारावं तसं विचारलं,

"कान टोचायचं बंद केलंत म्हणे?"

"तीन वर्सं झाली."

"मला टोचून हवंय."

मला हसू आलं. "आता ह्या वयात कान?"

"कान नाही," बाई म्हणाल्या. "हात."

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. बाईंना संधिवात आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या दुकानामागच्या गल्लीत, स्वतः बांधलेल्या तीन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. स्वयंपाक कसाबसा जमायचा. नडलं होतं ते कुलूप. किल्ली बोटांत धरवत नव्हती, आणि धरली तरी फिरत नव्हती. आदल्या महिन्यात भर उन्हात चार तास त्या स्वतःच्याच पायरीवर बसून राहिल्या, कुणी येऊन दार उघडून देईल म्हणून. हे पुण्याला त्यांच्या धाकट्या भावाच्या, विश्वासरावांच्या कानावर गेलं. त्यांनी सांगून टाकलं, "अक्का, स्वतःच्या घराचं दार ज्याला उघडता येत नाही त्यानं एकटं राहू नये. रविवारी गाडी घेऊन येतोय. सामान बांधून ठेव."

विश्वासरावांची मुलगी केतकी इंजिनिअर. तिनं आत्याच्या बाजूनं उभं राहून दाराला विजेचं कुलूप बसवून दिलं होतं. आधी बोटाच्या ठशावर चालणारं बसवलं, पण बाईंच्या बोटांवरच्या रेषा त्याला दिसेनात. मग कार्डावर चालणारं आणलं. कार्ड दोनदा हातातून निसटून पायरीवर पडलं आणि बाईंना वाकून उचलता आलं नाही. म्हणजे पुन्हा पायरी आणि ऊन आलंच.

"मग कार्ड गळ्यात अडकवायचं की," मी म्हणालो.

"गळ्यात बिल्ला बांधून फिरायला मी काय म्हैस आहे?"

"मनगटात तरी?"

बाईंनी मनगट पुढं केलं. पट्ट्यानं सोलवटलं होतं.

"केतकी म्हणते, तेच कार्ड तांदळाएवढं करून कातडीखाली बसवता येतं," बाई म्हणाल्या. "काचेची नळी असते बारीकशी. हात दाराला लावला की दार उघडतं. आणि हात काही खाली पडत नाही."

"मग डॉक्टरकडं जावा."

"दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, रोगासाठी असेल तर करू, दारासाठी नाही. पुण्यात गोंदवणारी पोरं करून देतात म्हणे. मला अनोळखी पोराच्या हातात हात द्यायचा नाही. सोनारानंच कान टोचावेत असं आपल्याकडे उगाच म्हणतात का?"

"बाई, माझा हात कापतोय आता. तुम्हाला ठावं न्हाई."

खरं तर ठाऊक सगळ्यांनाच होतं. तीन वर्षांपूर्वी एका बारशाला मी मुलीचा उजवा कान टोचला आणि डावा टोचताना हात हलला. भोक एक जव खाली गेलं. जव म्हणजे काय, सातूच्या दाण्याएवढं. रांगोळी काढणाऱ्या बाईलाही दिसू नये. पण मुलीच्या आजीला दिसलं. भरल्या बारशात, पन्नास बायांच्या देखत ती म्हणाली, "नाना, आता थांबवा हात." मी नारळ तिथंच ठेवला आणि घरी आलो. टोचायची तार फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. लोकंही मग पोरांना घेऊन बंदुकीनं कान टोचणाऱ्या दुकानात जायला लागली आणि माझी काही आठवण काढीनात.

हे मी बाईंना पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्याआधी किती कान टोचलेत?"

"त्ये काय मोजलेत व्हय?"

"मी मोजते. आठवड्याला किती पोरं?"

"तीन धरा."

"वर्षाचे पन्नास आठवडे, चाळीस वर्षं. सहा हजार पोरं. कान बारा हजार. बारा हजारांत एक चूक, तीही सातूच्या दाण्याएवढी." बाईंनी कापलेली अंगठी कागदात गुंडाळायला माझ्याकडे सरकवली. "असा पेपर माझ्याकडे आला असता ना, तर मुलीनं कॉपी केलीय का म्हणून मी चौकशी लावली असती. रविवारी दहाला या. शिधा काढून ठेवते."

नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही. घरी बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी अडवेल. ती म्हणाली, "आपली सुली गणितात पास झाली ती कुणामुळं? जावा गुमान."

रविवारी मी गेलो तेव्हा विश्वासराव आधीच आलेले होते. दाराच्या आत बाईंची निळी बॅग भरून उभी होती आणि तिच्यावर घडी घातलेली शाल. विश्वासराव सज्जन माणूस. बहिणीवर जीव होता, म्हणूनच तर चिडले होते.

"वेदपाठक, तुम्ही तरी सांगा हिला. हा काय पोरखेळ आहे? कुत्र्यामांजरांना लावतात तसलं ते."

"कुत्रं हरवलं तर घरी आणायला लावतात," बाई आतून म्हणाल्या. "मला घरातून नेऊ नये म्हणून लावतेय."

शेवटी असं ठरलं की संध्याकाळपर्यंत बाईंनी बाहेरून, कुणाच्या मदतीशिवाय, तीन वेळा दार उघडून दाखवायचं. उघडलं तर बॅग आत जाईल, नाहीतर गाडीत. बाईंनी मान हलवली. हे सगळं आता माझ्या हातावर आलं होतं.

केतकीनं टेबलावर निर्जंतुक कापड अंथरलं, हातमोजे काढून ठेवले, बाईंच्या डाव्या हातावर औषध चोळलं. दोन पाकिटं मागवलेली होती, एक खराब निघालं तर दुसरं असावं म्हणून. दोन्ही नळ्यांतल्या चिपांची ओळख तिनं कुलपाला आधीच करून दिली होती. मी पाकिटातली सुई बघितली. पोती शिवायचा दाभण असतो तेवढी जाड. तिच्या पोटात ती काचेची नळी भरलेली, आणि मागं दट्ट्या.

"काका, मी करू शकते, पण माझ्याच आत्याच्या हातात सुई घालायची म्हणजे..." केतकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"तू नको. टोचणं त्यांचं काम आहे," बाई म्हणाल्या. "पण सगळं रीतीप्रमाणे. कान टोचताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात. माझा मामा जाऊन तीस वर्षं झाली. विश्वास, तू बस."

विश्वासराव कुरकुरत खुर्ची ओढून बसले. बाईंनी आपला हात त्यांच्या मांडीवर ठेवला, केतकीनं खाली स्टीलची ताटली धरली. विश्वासरावांनी डोळे मिटून घेतले.

आता कान टोचायची रीत सांगतो, म्हणजे माझं काय झालं ते कळेल. डाव्या हाताचं बोट पाळीच्या मागं धरायचं. उजव्या हातानं पुढून तार घालायची. मागच्या बोटाला टोक लागलं की थांबायचं. चाळीस वर्षं माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. टोक बोटाला लागत नाही तोवर काम झालं नाही. मी बाईंच्या अंगठ्याजवळची मऊ कातडी चिमटीत धरून उचलली आणि सुई घातली. हात कापला नाही, देवाची कृपा. सुई सरळ गेली आणि माझा हात सवयीनं टोकाची वाट बघत राहिला. टोक बोटाला लागलं. मला बरं वाटलं. मी दट्ट्या दाबला.

खालच्या ताटलीत टिक् असा आवाज झाला.

"काका," केतकी हळूच म्हणाली, "आरपार गेली."

ताटलीत ती काचेची नळी पडली होती, लखलखीत. बाईंच्या हातावर दोन भोकं आणि रक्ताचे दोन थेंब. कानाला कसं सुंदर झालं असतं.

विश्वासराव उठलेच. "पुरे झालं. अक्का, बॅग गाडीत ठेवतो."

मी सुई खाली ठेवली. ते बारसं, ती आजी, त्या पन्नास बाया, सगळं पुन्हा समोर आलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. "बाई, माफ करा. मी म्हणलं हुतं तुम्हाला."

"विश्वास, खाली बस. पेपर संपल्याची घंटा झालेली नाही." बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातलाच. "वेदपाठक, कुठं चुकलं?"

"हाताला सवय हाय बाई. बोटाला टोक लागल्याबिगर थांबतच न्हाई त्यो."

"हात हलला?"

"न्हाई."

"भोक वाकडं गेलं?"

"न्हाई."

"म्हणजे रीत बरोबर, फक्त उत्तर चुकलं. उत्तर चुकलं तरी रीतीचे अर्धे मार्क मी नेहमी देत आलेय. पाचपैकी अडीच." त्यांनी हात पुन्हा भावाच्या मांडीवर ठेवला, केतकीनं खाली ताटली सरकवली. "आता दुसरं गणित घ्या."

इतकी वर्षं त्यांच्या वर्गातल्या पोरी रडत का नव्हत्या, ते मला त्या क्षणी कळलं. चुकलेल्या माणसाला त्या चुकीसकट उभं करायच्या. मी हात धुतले आणि नवे मोजे घातले. मग केतकीला म्हणालो, "पोरी, कातडी तू धर. माझं बोट मागं नगोच." बोट नसलं की वाट कशाची बघणार? जवाचे तीन दाणे लांबीनं ठेवले तर किती होतात, ते मी मनाशी मोजलं. ज्या जवानं माझा धंदा घालवला, तोच मापाला घेतला. जराशा वरच्या बाजूला सुई टेकवली. एक जव. दोन. तीन. थांबलो. हात पुढं जायला बघत होता, त्याला थांबवताना कपाळावर घाम आला. दट्ट्या दाबला, सुई काढली, केतकीनं कापूस दाबला.

ताटलीत आवाज झाला नाही.

"झालं?" डोळे मिटूनच विश्वासराव म्हणाले.

"झालं. पण त्याचा उपयोग दाराला," बाई म्हणाल्या, "तेव्हा दाराकडे चला."

बाई बाहेर पायरीवर उभ्या राहिल्या आणि आम्ही तिघं आत. केतकीनं दार ओढून घेतलं. बाहेर बाईंनी हात लावला असावा. काही झालं नाही. पुन्हा लावला असावा. नाही. विश्वासरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती जास्त लागली. "आत्या, हात जरा आडवा धर," केतकी दाराला तोंड लावून ओरडली. "आडवा! भाकरी थापताना धरतेस तसा!"

टिंग.

दार खांद्यानं ढकलत बाई आत आल्या. लगेच मागं फिरल्या आणि पुन्हा बाहेर गेल्या. टिंग. पुन्हा बाहेर. टिंग. तीन झाले होते, पण त्या चौथ्यांदाही गेल्या. ती चौथी खेप कुणाला दाखवायला नव्हती. पायरीवर त्या बराच वेळ थांबल्या. मग टिंग झालं.

विश्वासरावांनी शाल बाजूला ठेवली, निळी बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाले, "अक्का, जेवायला काय केलंयस? जेवूनच जातो."

बाईंनी ताट आणलं. नारळ, तांदूळ, गूळ. सोनाराला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. गूळखोबऱ्याचा घास मीच बाईंना भरवला, टोचलेल्या पोराला भरवतात तसा. मला राहवलं नाही, विचारलं, "आता पाचपैकी पाच ना बाई?"

"ह्या गणिताचे पाच. मघाच्याचे अडीचच. चुकलेलं गणित मी कधी खोडू दिलेलं नाही."

आणि ताटलीतली ती पहिली नळी धुऊन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "कातडीत घालायला ही आता चालायची नाही. पण दार हिलाही ओळखतं. तुमच्याकडे असू द्या. मला कधी काही झालं, तर पुण्याहून कुणी येईपर्यंत मध्ये एखादा तास तुमचा असेल."

सोनार तो सोनारच. दुसऱ्या दिवशी मी छानपैकी चांदीचा ताईत घडवला आणि नळी त्यात बसवली. दार ढिम्म हललं नाही. केतकी फोनवर पोट धरून हसली. "काका, चांदीतून तिला काही ऐकूच येत नाही!" मग आमच्या कामाची लाख वितळवून तिचा मणी केला, त्यात नळी ठेवली आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. बायको म्हणाली, "बाईंनी न्हाई घातला बिल्ला, शेवटी म्हैस तुम्हीच झालात."

महिन्याभरात माझ्याकडे एक बारसं आलं. बाईंनीच पाठवलं होतं, त्यांच्या एका विद्यार्थिनीचं. माळ्यावरून तार काढली. दोन्ही कान एका रेषेत गेले. तेव्हापासून गेल्या वर्षापर्यंत मी टोचत होतो. माझ्या हाताला माझ्यापेक्षा बाईंनी जास्त ओळखलं, हे उपकार मी कशानं फेडणार? मी त्यांना तसं म्हणालोही एकदा. "वर्गात बडबड नको," म्हणाल्या.

बाई पुढं आठ वर्षं त्याच घरात राहिल्या, आणि गेल्या त्याही तिथंच, आपल्या खाटेवर. त्यातली पाच वर्षं त्यांना कशी मिळाली, तेवढं सांगतो.

रोज सकाळी आठला बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर पेपर वाचायला यायच्या. मी पानं उलटायची, त्यांनी वाचायचं. चिप बसवल्याला तीन वर्षं झाली होती. एका सकाळी साडेआठ झाले, नऊ झाले, तरी बाई आल्या नाहीत. मी गल्लीत गेलो. दार बंद. हाक मारली. फोन लावला तर तो आत वाजत राहिला, कुणी उचलेना. साधी किल्ली होती ती पुण्याला. मी गळ्यातला मणी काढला आणि दाराला लावला. हात असा कापत होता की दोनदा तो जागेवर टेकेना. मग डाव्या हातानं उजवा धरला.

टिंग.

बाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. पहाटे पाय घसरून खुब्यावर आपटल्या होत्या. हाका मारून मारून आवाज गेला होता, ओठ काळेनिळे झाले होते. मी शेजारी बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्यानं पाणी पाजलं, एका हातानं अँब्युलन्सला फोन केला. पुढं डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर हातात काही राहिलं नसतं. मला मात्र तेव्हा काहीच सुचत नव्हतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला हात मोकळा नव्हता.

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांना गुंडाळलेल्या काळ्या दोऱ्याकडे आणि लाखेच्या मण्याकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटल्या ते ऐकू येईना, म्हणून मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"वेदपाठक," बाई म्हणाल्या, "ते राहिलेले अडीच... दिले."